मिरजकर तिकटीजवळचे टेलरमामा: पायलटचे प्रवासाचे कपडे शिवून घेतल्याचा अनुभव

मामांच्या दुकानाला पाटी नाही, म्हणून आधी पत्ता सांगते. कोल्हापुरात मिरजकर तिकटीवरून बिनखांबी गणेश मंदिराकडे चालत निघालात की सायकल दुरुस्तीचं एक दुकान लागतं. त्याच्या शेजारच्या बोळात शिरायचं, तिसरं दार. दोन मशिनी, कापड कापायचं लांब टेबल, भिंतीला खिळ्यावर अडकवलेले मापांचे कागद, आणि कोपऱ्यात कोळशाची इस्त्री, जी आता फक्त लाइट गेली की बाहेर निघते. नाव छापायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. "हाय तेवढं काम दिवाळीपतूर उरकत न्हाई, त्यात आनी नवीन कशाला?" म्हणून इथेही ते मामाच.

मी एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसणारी सहवैमानिक आहे. बेस हैदराबाद, घर मंगळवार पेठेत. गेल्या वर्षभरात मामांनी माझ्यासाठी तीन पँट आणि एक जॅकेट शिवलं, पप्पांसाठी दोन पँट शिवल्या. युनिफॉर्म आम्हाला कंपनी देते, त्याचा इथे संबंध नाही. पायलट स्वतः विमान न चालवता मागे प्रवाशांत बसून जातो, तेव्हा घालायचे हे कपडे. त्यांचे वेगळे नियम असतात हे माझ्या घरच्यांना दोन वर्षं माहीत नव्हतं. आणि ते नीट शिवून देणारा माणूस मी हैदराबादेत शोधला, मुंबईत शोधला, शेवटी आमच्या घरापासून सात मिनिटांवर सापडला.

हे कपडे लागतात कशाला ते सांगितल्याशिवाय मामांनी काय केलं ते कळणार नाही, त्यामुळे थोडं थांबा.

आम्ही मागे बसतो ते दोन कारणांनी. एखादं विमान दुसऱ्या शहरातून उडवायचं असतं आणि तिथे पायलट नसतो, मग कंपनी आम्हाला आधीच्या विमानाने तिकडे पाठवते. कागदावर याला पोझिशनिंग म्हणतात, बोलताना सगळे डेडहेड म्हणतात. नुसते सीटवर बसून गेलो तरी डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याच्या नियमाप्रमाणे तो वेळ ड्यूटीतच मोजला जातो. फक्त तो सेक्टर, म्हणजे ते एक उड्डाण, आम्ही उडवलं असं धरत नाहीत. दुसरं कारण सुट्टी. घरी यायला स्टाफ तिकीट मिळतं. त्याला आमच्यात सबलो म्हणतात: जागा उरली तर चढायचं, नाही उरली तर पुढच्या विमानाची वाट बघायची. आईवडिलांनाही हे तिकीट मिळतं, आणि तिकिटाबरोबर पोशाखाचे नियम त्यांनाही लागू होतात.

नियम कंपनीगणिक थोडे वेगळे असतात. आमच्याकडे डेडहेडला युनिफॉर्म घातला तर पूर्ण आणि नीटनेटका घालायचा, किंवा खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या झाकतील असं साधं गडद जॅकेट वर चढवायचं. टाय सैल करून, शर्ट बाहेर काढून बसणं चालत नाही. युनिफॉर्ममध्ये दारूला हातसुद्धा लावायचा नाही. तसंही आपल्याकडे उड्डाणाआधी बारा तास दारू वर्ज्यच आहे आणि ड्यूटीवर गेलं की फुंकर मारून तपासणी होते, पण युनिफॉर्मची बात निराळी. शेजारच्या प्रवाशाला काय माहीत तुमचं पुढचं विमान कधी आहे? स्टाफ तिकिटावर साधे कपडे चालतात, पण फाटकी जीन्स, हाफ पँट, बिनबाह्यांचं काही, मजकूर छापलेला टीशर्ट आणि पायात चप्पल चालत नाही.

अमेरिकेत मार्च २०१७ मध्ये याच नियमावरून मोठा गदारोळ झाला होता. डेन्व्हरहून मिनियापोलिसला निघालेल्या दोन मुलींना युनायटेड या विमान कंपनीने लेगिंग घातल्या म्हणून विमानात चढू दिलं नाही. त्या कर्मचाऱ्यांच्या पासवर निघाल्या होत्या. तिकीट काढलेल्या प्रवाशांना हा नियम नाही असं कंपनीने सांगितलं, पण तोवर जगभर बोलबाला झाला होता. तेव्हा मी फ्लाइंग स्कूलमध्ये होते आणि आम्ही सगळ्या मुली त्या मुलींच्या बाजूने तावातावाने भांडलो होतो. लेगिंगबाबत माझं मत आजही तेच आहे.

युनिफॉर्मबाबत मात्र बदललं. चार सेक्टर करून रात्री उशिराच्या विमानाने मी डेडहेड परत येत होते, पट्ट्यांसकट, वरती काही न घालता. चौदाव्या रांगेत खिडकी मिळाली आणि बसल्या बसल्या डोळा लागला. शेजारी एक आजी होत्या, नऊवारीतल्या, आयुष्यातला पहिला विमानप्रवास. त्यांनी माझा दंड धरून हलवलं. "बाई, तुमी हितं निजलाय, मग इमान कोन हाकतंय?" त्यांचा हात थरथरत होता. मी त्यांना पुढचं बंद दार दाखवलं, आत दोघं आहेत, मी त्यांतली नाही, माझं काम संपलंय, असं सगळं सावकाश सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण उतरेपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. त्या रात्रीनंतर पट्ट्या झाकायच्या नियमाला मी कधी कुरकुर केली नाही. मला अंगावर बसणारं, पट्ट्यांवरून घालता येणारं जॅकेट हवं होतं, आणि तयार जॅकेटांत ते मिळत नव्हतं. खांद्यावरच्या पट्ट्यांच्या आत कडक पुठ्ठा असतो. त्यावर जॅकेट घातलं की दोन्ही खांद्यांवर विटा ठेवल्यासारखे उंचवटे दिसतात.

मामांकडे मी गेले ते आईच्या सांगण्यावरून. आईचे ब्लाऊज ते शिवत नाहीत. पप्पांच्या लग्नातला कोट मात्र त्यांच्या वडिलांनी शिवला होता. मी जॅकेट हवंय म्हणून सांगितलं, त्यांनी टेप गळ्यात घातली आणि विचारलं, "घालून करतीस काय? उभी ऱ्हातीस का बसतीस?" म्हटलं, बसते, दीड-दोन तास, कधी तीन. त्यांनी टेप परत काढून ठेवली. "मग उभ्याचं माप घिऊन काय करू?"

त्यांनी मला लोखंडी खुर्चीत बसवलं. माझ्याच बॅगेचा पट्टा पोटावरून बांधायला लावला, सीटबेल्टसारखा. मग म्हणाले, वरची पिशवी काढल्यागत हात वर कर. हात वर केला की मुंढ्यातून कापड किती ओढलं जातं ते बघितलं आणि खडूने खूण केली. पुढे वाक, खाली पडलेलं पेन उचल. वाकल्यावर मागे पँटची कंबर दोन बोटं खाली सरकत होती, शर्ट बाहेर येत होता. "हे हितलं," म्हणून त्यांनी पाठीमागची उंची वाढवली आणि कंबरपट्टीत दोन्ही बाजूंना आतून इलॅस्टिक घातलं, बाहेरून कुठे दिसत नाही. माझं माप आजवर कोणी बसवून घेतलं नव्हतं. युनिफॉर्मचं मापसुद्धा रांगेत उभं करून घेतात.

पट्ट्या आणायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी नेल्या. मामांनी एक हातात घेऊन उलटसुलट बघितली, पुठ्ठा वाकवून बघितला, मग तिच्यावरच्या सोनेरी रेघा बोटाने मोजल्या. "तीनच? चौथी कवा?" चौथी कॅप्टनला असते. त्यासाठी तास भरावे लागतात, परीक्षा द्यावी लागते, मग कमांड मिळते, असं सांगितलं. या पट्ट्या मुळात नौदलाच्या. पॅन अमेरिकन या विमान कंपनीने १९३० च्या दशकात समुद्रापार जाणाऱ्या फ्लाइंग बोटी, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, सुरू केली, तेव्हा वैमानिकांना नौदलाच्या अधिकाऱ्यांसारखा गडद निळा पोशाख दिला. त्याआधी वैमानिक चामडी जाकिटं घालत. लोकांना भरवसा वाटावा, समोरचा माणूस जहाजाच्या कप्तानासारखा वाटावा, हा हेतू होता. मामांना हे फार आवडलं. "म्हंजे कापडानंच काम केलं की," म्हणाले, आणि बराच वेळ ती पट्टी हातात धरून बसले.

आता जॅकेटच्या खांद्याचं. कोटाच्या खांद्यात नेहमी कापसाचा पॅड असतो, तो शिवून टाकलेला असतो. मामांनी तो शिवलाच नाही. अस्तराला आतून दोन टिचबटणं लावली आणि पॅड वेगळा केला. खाली पट्ट्यांचा शर्ट असला की पॅड काढायचा, पट्ट्यांचा पुठ्ठाच पॅडचं काम करतो आणि खांदा सरळ दिसतो. साध्या शर्टवर घालायचं असलं की पॅड टिचबटणांवर दाबून बसवायचा. पॅड हरवू नये म्हणून आतल्या खिशात त्यांना बसायला एक कप्पा केलाय. मी हे कुठल्याही महागड्या दुकानात पाहिलेलं नाही.  गेले नऊ महिने हे जॅकेट बॅगेत कोंबलं जातंय, डोक्यावरच्या कप्प्यात चेपलं जातंय, एकही टीप उसवलेली नाही.

कापडाचं प्रकरण वेगळंच. मी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारातून स्वस्तात एक काळं कापड उचलून आणलं होतं, चुरगळत नाही म्हणून. मामांनी काठाचा एक धागा ओढला, काडी पेटवली आणि धागा ज्योतीला लावला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला मोहरीएवढा कडक काळा मणी झाला. तो त्यांनी माझ्या नखावर ठेवला. अजून गरम होता. मग फळीवरच्या टेरीवूलचा, म्हणजे लोकर आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचा, धागा तसाच जाळला. त्याला केस जळल्यासारखा वास आला आणि बोटात धरताच त्याची बरीचशी राख झाली. "ह्ये अंगाला चिकटतंय, त्ये तेवढं चिकटत न्हाई," एवढंच म्हणाले. आमच्या सुरक्षेच्या वर्गात हेच सांगतात: नायलॉन, पॉलिएस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं, सुती आणि लोकर बरी. बंद बुटांचाही आग्रह त्यासाठीच असतो. घाईने बाहेर पडताना पायाखाली काचा असतील, तापलेला पत्रा असेल. मी हे वर्षातून एकदा वर्गात ऐकते, तरी गांधीनगरात कापड घेताना ते आठवलं नाही. ते कापड परत दिलं आणि टेरीवूल घेतलं, गडद निळं. ७८० रुपये मीटर.

पँटच्या खिशांबद्दल दोन शब्द. कधीकधी मागे जागा नसते आणि कॅप्टनची, कंपनीची परवानगी असेल तर कॉकपिटमधल्या जादा सीटवर बसून जावं लागतं, जंपसीटवर. तिथे खिशातून काही पडलेलं चालत नाही. पेन, नाणं, काहीही पायांजवळच्या पेडलमध्ये जाऊन अडकू शकतं. म्हणून मामांनी दोन्ही खिसे नेहमीपेक्षा चार बोटं खोल केले आणि उजव्या खिशाला आतून चेन लावली. पहिल्या पँटला चेन जाड बसली होती, बसल्यावर मांडीला टोचायची. सांगितल्यावर बारीक चेन लावून दिली, पैसे घेतले नाहीत. पँटच्या तळाला आतून टाचेशी जाड पट्टी आहे, बुटाला घासून कापड झिजू नये म्हणून.

आता पप्पांचं.

पप्पा आयुष्यभर कोल्हापुरी चप्पल घालत आलेत. ऑफिसात कोल्हापुरी, लग्नात कोल्हापुरी. मागच्या वर्षी आईपप्पा माझ्याबरोबर फिरून परत येत होते, तिघंही सबलोवर. मी दोघांना फोनवर कपडे सांगितले होते: आई साडी नेस, पप्पा पूर्ण पँट आणि कॉलरचा शर्ट. पायात काय घालायचं ते सांगितलं नाही. मला चप्पल म्हटलं की रबरी चप्पल डोळ्यांसमोर येते. कोल्हापुरीला मी कधी चप्पल म्हणून मोजलंच नव्हतं. एका मोठ्या शहराच्या विमानतळावर गेटवरच्या मुलीने पप्पांच्या पायांकडे बघितलं आणि सांगितलं, बोटं उघडी आहेत, चढता येणार नाही. आईची चप्पल साडीखाली झाकली होती, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. मी माझं ओळखपत्र दाखवलं, विनंती केली. ती मुलगी म्हणाली, मॅडम, नियम तुम्हाला माहीतच असेल. माहीत होताच. जागा शिल्लक होत्या आणि विमान आमच्याशिवाय गेलं.

पप्पा काही बोलले नाहीत. पाच तास त्या खुर्च्यांवर बसलो. मग मी त्यांना टर्मिनलमधल्या दुकानात नेऊन भरमसाट किमतीचे बूट घेतले, ते त्यांना करंगळीला चावत होते. त्यांनी कोल्हापुरी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि ती पिशवी घरी येईपर्यंत मांडीवर धरली. त्या गेटवरच्या मुलीवर माझा राग नाही, तिने तिचं काम केलं. पण नियम लिहिणाऱ्याने पायात घालायच्या वस्तूंचा नीट विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, एक खिळा न वापरता वादीने शिवलेली, २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली वस्तू आणि बाथरूममधली स्लीपर एकाच शब्दात कशा बसतात? पळताना पाय शाबूत राहावा हे कारण असेल तर ते मला पटतं, मग तसं लिहा. नीटनेटकं दिसत नाही हे कारण असेल तर ते मला मान्य नाही. कोल्हापुरी घालून माणूस नीटनेटका दिसत नाही असं आमच्या गावात कोणी म्हणणार नाही.

हे मी मामांना सांगितलं, पप्पांच्या पँटचं माप द्यायला गेलो तेव्हा, पप्पा समोर होते. मामांनी मशीन थांबवली. पँट कशी हवी ते विचारलंच नाही, आधी चप्पल लाइनमधल्या एका कारागिराकडे आम्हाला पाठवलं. त्या माणसाने त्याच कातड्याची, पुढून बंद, मागून टाच धरणारी जोडी पप्पांना करून दिली. सहा आठवडे लागले. तळवा तोच, कडेची वेणी तीच. मामांनी त्या जोडीवर पँटची उंची बेतली, अर्धा इंच कमी, म्हणजे वेणी दिसते. पप्पा ती जोडी घालून दोनदा हैदराबादला आले, कोणी अडवलं नाही. दुसऱ्या वेळी तर विमानातल्या एका मुलाने विचारलं, काका, हे कुठून घेतले?

तक्रारीही आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. मामा तारीख पाळत नाहीत. माझं जॅकेट तीन आठवडे उशिरा मिळालं आणि मधे दोनदा खोटी तारीख दिली. रोस्टर बघून सुट्टी काढून येणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. ट्रायलला आडोसा म्हणून एक पडदा आहे, तोही पूर्ण बंद होत नाही. बायकांनी बरोबर कोणाला तरी न्यावं. मी हे मामांच्या तोंडावर सांगितलंय, ते पडदा बदलतो म्हणालेत, अजून बदललेला नाही. पावसाळ्यात दुकानात ओल येते, तयार कपडा तिथे जास्त दिवस ठेवू नका, माझ्या एका पँटला वास लागला होता. शिलाई पँटची ५५० रुपये, जॅकेटची अस्तरासकट ३,२००. पैसे रोख.

सगळ्यांनी यांच्याकडे जावं असं मी म्हणणार नाही. लग्नाचा झगमगीत सूट हवा असेल तर राजारामपुरीत मोठी दुकानं आहेत, तिथे जा. पण ज्यांचं काम बसून चालतं, ड्रायव्हर, रेल्वेचे गार्ड, दिवसभर काउंटरवर बसणारे, त्यांनी एकदा तरी त्या लोखंडी खुर्चीत बसून माप द्यावं. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांनी १९३९ साली सुरू केला, २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, आणि आता कोल्हापुरातून पायलट, केबिन क्रू, ग्राउंड स्टाफमध्ये गेलेली पोरंपोरी मला दर सुट्टीत भेटतात. ट्रेनिंगला जाणाऱ्यांपैकी तिघांना मी मामांचा पत्ता दिलाय. एकीने विचारलं, तिथे मुलींचं माप नीट घेतात का? घेतात. टेप अंगाला न लावता, खडूच्या खुणेने, आणि आई सोबत असेल तर तिच्या हातात टेप देऊन.

जायचं असेल तर सकाळी अकरानंतर जा. त्याआधी मामा खासबागेच्या बाजूला चालायला जातात आणि दुकान त्यांचा नातू उघडतो, त्याला अजून माप घेता येत नाही. दसऱ्याला कपडा हवा असेल तर गणपतीच्या आत कापड टाका. पँटसाठी रोज जो बूट घालता तो पायात घालून जा, आणि खांद्यावर पट्ट्या असतील तर त्या बरोबर न्या. माझ्या पट्ट्यांचं माप त्यांच्याकडे भिंतीवरच्या खिळ्याला लावलेलं आहे, कागदावर तीन रेघा, आणि वर चौथीसाठी जागा सोडलीय.